पिकअपच्या गिअरला बाभळीची मूठ बसवली त्याची गोष्ट

कडबाकुट्टीनं माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट घेतलं त्याला आता सहा वर्षं झाली. त्याबद्दल काही बोलायचं नाही, चूक माझीच होती, चालू मशीनमधला अडकलेला कडबा हातानं ओढला. पण त्यानंतर एक गोष्ट कळली जी दोन हात शाबूत असताना कधीच कळली नसती, ती म्हणजे गिअर पुढं ढकलताना तळहात चालतो पण मागं ओढायला बोटंच लागतात, आणि ओढायचं काम अंगठा न्हाई करत, ती शेवटची दोन बोटं करतात. तुम्ही आत्ता गाडीत बसून बघा, तिसऱ्यातनं दुसरा टाकताना नॉबच्या पुढनं कोण आकडा घालतंय ते.

मी कोल्हापुरातनं भाजी भरून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट असा खाली कणकवलीला जातो. आठवड्याला दोन फेऱ्या, कधी तीन. जाताना कोबी, टोमॅटो, मिरची, बटाटा, येताना हंगामाप्रमाणं नारळ, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. म्हंजे उतरताना पण लोड आणि चढताना पण लोड. चढताना वळणावर तिसऱ्यात गाडी दम सोडायला लागली की दुसरा पटकन पडायला लागतो, आणि आपल्याकडं गिअर डाव्या हाताला, दुसरा टाकायचा म्हंजे दांडा न्यूट्रलला आणून डावीकडं रेटायचा आणि लगेच मागं ओढायचा. माझा हात नेमका तिथं घसरायचा. गाडीबरोबर आलेला नॉब म्हंजे लिंबाएवढा, प्लास्टिकचा, वरचे आकडे पुसलेले, घामानं गुळगुळीत. दोनदा असं झालं की ओढला तो आलाच नाही, न्यूट्रलवर राहिला, मागं एसटी, आणि मी ब्रेकवर उभा.

तर नॉब बदलायचा ठरवला. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम हाय. चार मुठी आणि जवळपास पाच महिने गेले.

पहिली मूठ विकतची. शोभेच्या सामानाच्या दुकानातनं ३५० रुपयाची, पारदर्शक, आत विंचू. खरा का प्लास्टिकचा ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. मोठी होती म्हणून घेतली, माझ्या तळव्यात बसत होती. असले नॉब सगळ्या गाड्यांना बसतात असं म्हणतात त्याचं कारण त्यांना आतनं आटेच नसतात, एक प्लास्टिकची नळी असते ती दांड्यावर चढवायची आणि बाजूनं तीन बारीक ग्रब स्क्रू, म्हंजे बिनडोक्याचे स्क्रू, एलन कीनं आवळायचे. म्हंजे सगळा भार तीन टोकांवर. डिझेल गाडीचा दांडा उभ्या गाडीत सुद्धा थरथरत असतो, त्या थरथरीनं स्क्रू ढिले होणारच. आठ दिवस छान चालला. नवव्या दिवशी फोंड्यात खालच्या अंगाला चढ लागल्या लागल्या दुसरा ओढला आणि नॉब माझ्या हातात आला. दांडा तिथंच. विंचू माझ्याकडं बघतोय आणि मी विंचवाकडं. शेजारी हमाल बसलेला, तो म्हणाला, "दादा, गिअर बाहेर काढून हातात कशाला घेतलासा?" पुढं दाजीपूरपर्यंत उघड्या दांड्याच्या आट्यांवर फडकं गुंडाळून गाडी चढवली, तळव्यावर चार दिवस आट्यांचा ठसा होता.

त्यात दोष नॉबचा कमी आणि माझा जास्त. ती वस्तू शोभेची, मी तिच्याकडनं काम करून घ्यायला गेलो.

मग उद्यमनगर. कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, शिवाजी उद्यमनगरात गल्लीबोळात लेथ, शेपर, ड्रिल चाललेली असतात, कुलंटचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास, आणि जगात नाही ती वस्तू सुद्धा "उद्या संध्याकाळी या" म्हणून करून देणारी माणसं. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री हायत, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना सांगितलं, मामा, मोठा गोळा करून द्या.

जाण्याआधी मी एक शहाणपणा करून ठेवला होता. दांड्याची जाडी पट्टीनं मोजली, दहा मिलीमीटर. हार्डवेअरमधनं दहाचा नट आणला आणि फिरवून बघितला. दोन फेरे बसला आणि मग जाम. मला वाटलं आट्यात घाण बसलीय, म्हणून पाना लावून जोर केला. अर्धा फेरा गेला, कर्र असा आवाज आला आणि थांबलो. गाडी घेऊन मामांकडं गेलो, त्यांनी चष्मा वर करून दांड्याचं टोक बघितलं आणि म्हणाले, "कुणी हाणलाय ह्यो?"

तर ती भानगड अशी. दहाचा बोल्ट म्हंजे सगळे दहाचे बोल्ट सारखे नसतात. दुकानात साधा मागितला की मिळतो तो दीडच्या आट्याचा, म्हंजे एका आट्यापास्नं दुसऱ्या आट्याचं अंतर दीड मिलीमीटर. गाड्यांत मात्र बऱ्याच ठिकाणी सव्वाचा बारीक आटा असतो. सव्वाच्या बोल्टवर दीडचा नट लावला की पहिले एकदोन फेरे काही कळत नाही, फरक साचत जातो आणि मग अडकतो. अडकला की माणूस जोर करतो, जोर केला की आटे कापले जातात. मामांनी खिशातनं पीच गेज काढलं, चाकूच्या पात्यांसारखी दातेरी पानं असतात त्याला, एकेक पान दांड्याच्या आट्यावर उजेडाकडं धरून बघितलं. दीडच्या पानात फट दिसत होती, सव्वाचं पान चिकटून बसलं. मग दहा-सव्वाची डाय, म्हंजे बाहेरनं आटे पाडायचं हत्यार, फिरवून माझे बिघडलेले आटे साफ केले. वरचे दोन आटे गेलेच होते, खालचे वाचले. माझी गाडी सेकंडहँड हाय, दांडा आधीच्या मालकानं बदललेला असू शकतो, तेव्हा तुमच्या गाडीला पण दहा-सव्वाच असेल असं धरून चालू नका. आधी मोजा. बारा पण असतो, आठ पण असतो.

आणि हो, जुना नॉब काढताना एक चूक बरेच जण करतात. नॉब नुसता हातानं किंवा पान्यानं फिरवायचा नाही. खाली दांडा पकडून धरायचा, फडकं गुंडाळून पकडीनं, आणि मग वरचा नॉब उलटा फिरवायचा. न्हाईतर तो सगळा पीळ खाली दांड्याच्या रबरी बुशवर जातो. नॉब घट्ट बसला असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवायचं, प्लास्टिक सैल होतं. चाकाला दगड लावायचा, हँडब्रेक ओढायचा, हे सांगायला नकोच, पण सांगतो.

मामांनी लोखंडी गोळा करून दिला, ५० मिलीमीटरचा, आरशासारखा. तो अर्ध्या किलोच्या वर भरला. आठ दिवसांत काढला. जड गोळ्याचा फायदा असतो असं म्हणतात आणि थोडा असतोही, दांडा एकदा हलवला की वजनानं स्वतःच गिअरच्या खाचेत जातो. पण गाडी आयडलला उभी असली की तो दांडा घड्याळाच्या लंबकासारखा डुलायचा, आणि वैशाखात कणकवलीच्या बाजारात दुपारी दोन तास गाडी उन्हात उभी करून आलो आणि सवयीनं हात ठेवला, तर तव्यावर ठेवल्यासारखा. शिवाय गुळगुळीत. माझा मूळ प्रश्न पकडीचा, तो आणखी वाईट झाला. गोळा आता घरी आई सुंठ ठेचायला वापरती.

तिसऱ्या मुठीची गोष्ट सांगायला लाज वाटती पण सांगतो. एका फेरीत माल सावंतवाडीपर्यंत द्यायचा होता. तिथं चितारआळीत लाकडी खेळणी, फळं, पाट असतात तो माल बघत फिरत होतो, आणि एका दुकानात लाकूड लेथवर फिरतंय आणि कारागीर लाखेची कांडी त्यावर धरतोय, घर्षणानं लाख वितळून रंग चढतोय, वरनं केवड्याचं पान फिरवून चकाकी, असं बघितलं आणि खुळावलो. म्हणलं मला गिअरची मूठ करून द्या. त्यांनी दोनदा विचारलं, कशाची? मग लाल आणि हिरव्या पट्ट्यांची एक मूठ करून दिली, देखणी एकदम, लाटण्याच्या मुठीसारखी. हातात घेतल्या घेतल्या ती लोखंडापेक्षा लाख पटीनं बरी वाटली, गरम नाही, गार नाही. लाकूड हेच खरं, हे तिथंच ठरलं.

पण मी बाजारात नोटा मोजून झाल्या की सॅनिटायझर लावणारा माणूस, कोरोनापासनं लागलेली सवय. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार लोक चपडा पॉलिश करतात तो स्पिरिटमध्येच तर करतात. हे मला माहीत असून डोक्यात आलं नाही. ओल्या हातानं गिअर धरला, एक किलोमीटर गेल्यावर हात चिकट, बघतो तर तळवा लाल-हिरवा, स्टिअरिंगवर पण बोटांचे ठसे. उन्हानं पण ती मऊ पडायची ते वेगळंच. कारागिराची काही चूक नाही, त्यांनी खेळण्याची वस्तू करतात तशी मन लावून केली होती. ती मूठ आमच्या पोरीच्या कपाटाच्या दाराला लावलीय, तिथं शोभती.

आता चौथी, म्हंजे खरी.

तोपर्यंत कळून चुकलं होतं की मोठी मूठ, जड मूठ, सुंदर मूठ हा प्रश्नच नाही. मूठ माझ्या हाताची पाहिजे. तीन बोटं आणि एक उघडी कड. मग हाताचा ठसा घ्यायचा ठरवला. बायको म्हणाली कणीक घ्या. कणकेचा गोळा दांड्यावर बसवला, धरला, सोडला, आणि तो हळूहळू ओघळून रबरी बुटावर पसरला. ती दारात उभी राहून हसत होती, म्हणाली "आता चपाती करू का ह्याची?" मग गंगावेशेत कुंभार गल्लीतनं शाडूची माती आणली, गणपतीची. ती घट्ट मळली, दांड्यावर आधी प्लास्टिकची पिशवी, वर मातीचा गोळा, आणि अंगणात उभ्या गाडीत, इंजिन बंद, क्लच दाबून पहिला दुसरा तिसरा चौथा पाचवा रिव्हर्स, असं पन्नासेक वेळा केलं. डोळे मिटून. डोळे उघडे असले की हात लबाडी करतो, जिथं दिसतंय तिथं जातो.

तासाभरानं मातीनं जे रूप घेतलं ते बघून मी चकितच झालो. अंगठ्याच्या जागी खोल खळगा. पुढच्या बाजूला दोन बोटांसाठी कंगोरा, आणि ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हंजे डाव्या कडेला, जिथं करंगळी असायला पाहिजे होती तिथं, मातीचा एक उंचवटा वर आला होता, बोटभर रुंद, शिंगासारखा. माझा हात ओढताना तळव्याच्या कडेनं त्या मातीला रेटत होता. म्हंजे बोटं न्हाईत तर हातानं स्वतःच युक्ती काढली होती, कडेचा आकडा करून ओढायची. मला हे ठाऊकच नव्हतं. इतके दिवस मी दुकानं फिरत होतो आणि उत्तर माझ्याच हातात होतं, अक्षरशः.

तो ठसा सावलीत दोन दिवस वाळवला. थोडा तडकला पण मापं घेता आली. सगळ्यात रुंद ठिकाणी ६२ मिलीमीटर, उंची ७०. पण आधी गाडीत बसवून एक गोष्ट तपासली ती बरी झाली. पाचव्यात मूठ पुढं जाते, तेव्हा बोटांची पेरं डॅशबोर्डला लागतात का? माझी लागत होती, जेमतेम. आणि चौथ्यात मूठ मागं येते तेव्हा मधल्या माणसाचा गुडघा. पिकअपमध्ये पुढं तिघं बसतात, मधला माणूस गिअरला पाय फाकवूनच बसतो बिचारा. म्हणून पुढची बाजू पाच मिलीमीटर कमी केली. उंची पण ठरवून ठेवली. मूठ उंच केली की जोर कमी लागतो, हे उघड हाय, पाना लांब असला की नट सोपा सुटतो तसंच. पण फुकट काही मिळत नाही, माझा दांडा खाली ज्या गोळीवर फिरतो तिथनं साधारण ३२ सेंटीमीटर धरला आणि मूठ ४ सेंटीमीटर वर नेली तर जोर नवव्या भागानं कमी लागणार आणि हात आठव्या भागानं जास्त लांब फिरवावा लागणार. मी दोनच सेंटीमीटरवर थांबलो.

लाकूड घरचंच. गोठ्यामागं जुन्या बैलगाडीचं चाक पडलेलं, लोखंडी धाव कधीच भंगारात गेलेली, पण बाभळीचे पाटे शाबूत. पंचवीसेक वर्षं ऊन-पाऊस खाऊन ते इतकं कोरडं आणि कठीण झालेलं की सुतारकाकांच्या करवतीचे दात गेले म्हणून ते माझ्यावर ओरडले. त्यांनी तुकडा निवडताना एक बघायला शिकवलं, गाभा मधे आला असेल तो तुकडा घ्यायचा नाही, कितीही सुंदर असू दे, तो पुढं तडकतोच. आणि रेषा उभ्या पाहिजेत, खालनं वर.

आता ह्या उभ्या रेषेच्या लाकडात खालनं भोक पाडून थेट आटे पाडले तर? पडतात. महिनाभर टिकतात. रेषेच्या टोकात पाडलेले आटे धागे सुटावेत तसे सुटत जातात. म्हणून आत पितळी बूश, म्हंजे आतनं आटे पाडलेली नळी. हे काम परत मामांकडं. पितळेची सळी लेथवर लावली, बाहेरनं २० मिलीमीटर, लांबी ३५, बाहेरच्या अंगावर नर्लिंग, म्हंजे खडबडीत जाळी, गोंद धरून ठेवायला. आतल्या भोकाला ड्रिल कितीचं लावायचं, तर जाडीतनं आटा वजा करायचा, दहातनं सव्वा, पावणेनऊ. मामांकडं ८.८ चं ड्रिल होतं, ते लावलं. भोक आरपार न्हाई, २६ वर थांबवलेलं, त्यामुळं टॅप, म्हंजे भोकात आटे पाडायचं हत्यार, ते तीन लागतात, पहिला निमुळता, मग दुसरा, मग तिसरा ज्याचं टोक बोथट, तो बुडापर्यंत आटे नेतो. मामा अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, अर्धा पुढं, पाव मागं, असं काही न बघता करत होते आणि तोंडानं मला त्यांच्या जावयाची गाऱ्हाणी सांगत होते. पितळेचा भुगा सोन्याच्या चुऱ्यासारखा पडत होता. शेवटी बूश दांड्यावर फिरवून बघितलं, दोन बोटांनी, बुडापर्यंत, एकदाही न अडकता. त्या फिरण्याचा आवाज येत नाही पण हाताला कळतं. मी दोनतीनदा उगंच काढून बसवलं.

इथं एक तुकडा वाया गेला तो माझ्यामुळं. बूश घट्ट बसावं म्हणून मी लाकडातलं भोक बरोब्बर वीसचंच पाडायला लावलं आणि हातोडीनं ठोकून बसवायला गेलो. तिसऱ्या ठोक्याला लाकूड उभं चिरलं. सुतारकाका काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं. दुसऱ्या तुकड्याला भोक किंचित सैल, आणि अराल्डाइट, दोन ट्यूबा समसमान कालवून, बूशला पण लावायचं आणि भोकाला पण. बूशच्या आट्यात जाऊ नये म्हणून आत मेण भरून ठेवलं. २४ तास हात लावला नाही. हे बूश आधी बसवायचं आणि मग बाहेरनं मूठ घडवायची, उलटं केलं तर मूठ वाकडी बसते.

घडवणं आम्ही दोघांनी मिळून केलं. आधी लेथवर गोल, मग पटाशी, मग कानस, आणि मग मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पॉलिश पेपर. ८०, १२०, २२०, ४००. दर दोन दिवसांनी गाडीवर बसवायची, घाटात न्यायची, जिथं रुततंय तिथं पेन्सिलीची खूण करायची, परत घासायची. असे सात फेऱ्यांचे घासकाम झाले. शिंगाचं टोक पहिल्यांदा टोकदार होतं, फोंडा चढेपर्यंत तळव्याला फोड आला. गोल केलं. अंगठ्याचा खळगा मात्र पहिल्या दिवशी होता तसाच ठेवला.

पॉलिश काय करायचं हा घोळ. लाखेचा अनुभव झालेला, वॉर्निश घामानं चिकट होतं. शेंगतेल लावतो म्हणालो तर काकांनी वेड्यात काढलं, ते वाळतच नाही, खवट वास येतो. जवसाचं तेल, रंगारी बेलतेल म्हणतात ते, हवेनं लाकडातच सुकून घट्ट होतं. पातळ हात मारायचा, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं, एक दिवस थांबायचं. असे पाच हात. पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, दोरीवर पसरून वाळवायची, कारण ते तेल सुकताना तापतं आणि चोळामोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. काकांच्या गुरूंच्या कारखान्यात एकदा तसं झालेलं म्हणे.

आता बसवणं. गोल नॉब असता तर फिरवून आवळला की झालं. पण ह्या मुठीला दिशा हाय, शिंग बरोबर डाव्या कडेलाच यायला पाहिजे. घट्ट आवळली तर शिंग माझ्या पोटाकडं तोंड करून थांबायचं. म्हणून चेकनट. आधी दांड्यावर दहा-सव्वाचा पातळ नट खालपर्यंत, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग मूठ फिरवत आणायची, शिंग जिथं पाहिजे तिथं थांबवायची, आणि मग खालनं नट १७ च्या पान्यानं वर आवळायचा. म्हंजे मूठ आणि नट एकमेकांना रेटून धरतात. मूठ वर किंवा खाली किती सरकली ह्याची काळजी करायची नाही, पूर्ण एक फेरा म्हंजे सव्वा मिलीमीटर. मी शिंग आधी बरोबर नव्वद अंशात ठेवलं होतं, दोन फेऱ्यांनंतर दहा-बारा अंश पुढं फिरवलं, मनगट सरळ राहायला लागलं.

आरटीओ पकडंल का असं तिघाचौघांनी विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हाय ते गाडीच्या नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल अशा बदलाबद्दल हाय, इंजिन, बॉडी, सीट असलं. आरसी बुकात गिअरच्या मुठीचं लाकूड कुठलं असं लिहिलेलं मी तरी बघितलं नाही. उलट एका मेकॅनिकनं सांगितलं ते जास्त उपयोगाचं, मूठ चांगली झाली म्हणून सारखा हात तिच्यावर टेकवून ठेवू नको. हाताचं वजन खाली सिलेक्टर फोर्कवर, म्हंजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर जातं आणि तो झिजतो. हे मात्र मला जमत नाही. मूठ झालीच हाय तशी, हात तिथंच जातो.

पावसाळा काढला तिनं. दाजीपूरला एकदा रात्री रस्त्यात गवा उभा होता, वळण संपल्या संपल्या, तेव्हा चौथ्यातनं तिसरा, तिसऱ्यातनं दुसरा असा उतरलो आणि गवा निघून गेल्यावर लक्षात आलं की हाताकडं एकदाही लक्ष गेलं नव्हतं. कोकणातल्या दमट हवेत लाकूड किंचित फुगतं, रंग गडद झालाय, धरायच्या जागा चकाकतात. चेकनट दर महिन्याला एकदा पान्यानं बघतो, अजून सैल झालेला नाही.

फक्त ही मूठ दुसऱ्या कुणाला चालत नाही. माझा पुतण्या कधी कधी गाडी नेतो, त्याची पाचही बोटं जाग्यावर, त्याच्या करंगळीला ते शिंग टोचतं. म्हणून जुना लिंबाएवढा नॉब, त्याच्या मापाचा नट आणि १७ चा पाना डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय, त्याला सांगितलंय बदलून घेत जा. परवा तो गाडी घेऊन कागलला गेला, रात्री आणून लावली. पहाटे चारला मी भाजी भरून निघालो, रंकाळ्याजवळ पहिल्यांदा दुसरा ओढला आणि हात रिकामा घसरला. दिवा लावून बघतो तर पठ्ठ्यानं नॉब बदलायचा कंटाळा करून मूठच अर्धा फेरा फिरवून ठेवलेली, शिंग ड्रायव्हरकडं. गाडी कडेला घेतली, खणातनं पाना काढला आणि मोबाईलच्या उजेडात चेकनट सोडायला बसलो.